क्षारसेतूपासून पॉलिमर बॅटरीपर्यंत : सेंद्रिय पदार्थांतून आयन नेमके कसे सरकतात?

फोंडेकरीण

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावीच्या विद्युतरसायनाच्या धड्यात क्षारसेतू येतो, म्हणजे विद्युतघटाच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा आयनांचा पूल. यू आकाराच्या काचनळीत पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण अगर-अगरमध्ये थिजवून भरतात. नळी उलटी केली तरी आतला गर बाहेर पडत नाही, आणि तरीही घट व्यवस्थित चालतो. या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले की जो पदार्थ वाहत नाही, त्यातून आयन कसे वाहतात? अगर समुद्रशेवाळापासून मिळते, म्हणजे ते सेंद्रिय. मेणबत्तीचे मेणही सेंद्रिय. मग मेणात मीठ मिसळून क्षारसेतू का होत नाही?

पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर मी देऊ शकले. अगरच्या गरात वजनाने काही टक्केच अगर असते आणि बाकी सारे पाणी असते. अगरच्या साखळ्यांचे जाळे त्या पाण्याला जागच्या जागी धरून ठेवते, पण जाळ्याची छिद्रे आयनांच्या मानाने इतकी प्रशस्त असतात की पोटॅशियम आणि क्लोराइड यांना आपण पाण्यातच आहोत असे वाटावे. म्हणून हाताला घन लागणारा हा पदार्थ आयनांच्या दृष्टीने द्रवच असतो. परंतु जिथे द्रव मुळीच नाही, अशा खऱ्याखुऱ्या सेंद्रिय घनातून आयन जातात का, आणि जात असतील तर कशाच्या आधाराने, हे मला वर्गात नीट मांडता येत नाही. ‘सॉलिड स्टेट बॅटरी’ (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली बॅटरी) हा शब्द मुलांनी ऐकलेला असल्यामुळे प्रश्न तिथेच जाऊन पोहोचतो. या विषयात काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे. सोपे करून लिहिले नाही तरी चालेल.

ताळगाव पठार

ताई, प्रश्न उत्तम आहे. पॉलिमर इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारे, लांब साखळ्यांच्या रेणूंचे पदार्थ) हाच माझ्या कामाचा विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. ‘द्रव की घन’ ही विभागणी आपण पदार्थाकडे बाहेरून पाहून करतो. आयनाला तिच्याशी फारसे कर्तव्य नसते. आपल्या आजूबाजूचे रेणू किंवा रेणूंचे भाग किती वेगाने हलतात, आणि त्यांनी आपल्याला किती घट्ट धरले आहे, एवढ्या दोन गोष्टींवर त्याचे सरकणे ठरते. पुढचे सगळे याच दोन गोष्टींभोवती फिरते.

आधी द्रवाचे पाहू, कारण तिथेच पहिला धक्का बसतो. लिथियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे ०.७६ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३८. लहान आयन चपळ असावा, अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात २५ अंश सेल्सिअसला अतिविरल जलीय द्रावणातली मोलर वाहकता (एक मोल आयन किती प्रवाह वाहून नेतात त्याचे माप) पोटॅशियमची ७३.५, सोडियमची ५०.१ आणि लिथियमची ३८.७ भरते, म्हणजे क्रम नेमका उलटा. लहान आकारात तोच एक धनभार एकवटलेला असल्यामुळे लिथियम शेजारच्या रेणूंना घट्ट ओढून धरतो आणि त्यांचा सगळा गोतावळा घेऊनच चालतो. शिगम्याच्या मिरवणुकीत लहान पोर एकटे असेल तर गर्दीतून सुळकन निसटते, पण चार मावश्यांचे हात धरून निघाले की त्याची चाल मावश्यांचीच होते; लिथियमचे तसेच आहे. (क्षारसेतूसाठी पोटॅशियम क्लोराइडच का, याचे उत्तरही याच आकड्यांत आहे. क्लोराइडची मोलर वाहकता ७६.३ आहे, म्हणजे जोडीतले दोघे जवळपास सारख्या वेगाने चालतात आणि सेतूच्या टोकांशी विभवांतर साचत नाही. हे वर्गात जरूर सांगावे.)

आता लिथियम-आयन बॅटरी. तिच्यात पाणी चालत नाही, कारण त्या विभवांतराला पाण्याचे विघटन होते. सोनीने १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली तेव्हापासून तिचा इलेक्ट्रोलाइट सेंद्रिय कार्बोनेटांचाच राहिला आहे. आज सर्वसाधारणपणे एथिलीन कार्बोनेट आणि डायमिथाइल किंवा डायएथिल कार्बोनेट यांच्या मिश्रणात लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार लिटरला सुमारे १ मोल या प्रमाणात विरघळवतात. मिश्रण का करावे लागते? एथिलीन कार्बोनेटचा परावैद्युत स्थिरांक (विरुद्ध भारांमधली ओढ पदार्थ किती पटीने कमी करतो तो आकडा) सुमारे ९०, म्हणजे पाण्याहूनही जास्त. त्यामुळे ते क्षाराचे धन आणि ऋण आयन उत्तम वेगळे ठेवते, आणि पहिल्या चार्जिंगच्या वेळी स्वतःचे थोडे विघटन होऊ देऊन ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर संरक्षक थर चढवते. पण त्याचा वितळणबिंदू ३६ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे गोव्याच्या मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा शुद्ध एथिलीन कार्बोनेट बाटलीत सहसा गोठलेलेच असते. उलट डायमिथाइल कार्बोनेट पाण्याहूनही पातळ, मात्र त्याचा परावैद्युत स्थिरांक ३ च्या घरात. पहिला द्रावक आयनांना सुटे करतो, दुसरा त्यांची वाट मोकळी ठेवतो.

क्षार वाढवत नेला तर वाहकता वाढतच जाईल का? नाही. साधारण १ मोलपर्यंत ती वाढते आणि मग उतरू लागते. वाहणारे आयन वाढतात हे खरे, पण द्रावण दाट होते, शिवाय धन आणि ऋण आयनांच्या जोड्या जमू लागतात; अशी जोडी एकूण भाररहित असल्यामुळे ती सरकली तरी प्रवाह वाहत नाही. इतके सांभाळूनही या द्रावणाची वाहकता सेंटिमीटरला सुमारे १० मिलीसीमेन्स (सीमेन्स म्हणजे ओहमच्या उलट, वहनाचे एकक) भरते. १ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या जलीय द्रावणाची १११ आहे. म्हणजे मोबाइलच्या बॅटरीतला द्रव तुमच्या क्षारसेतूतल्या द्रावणाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका वाहक असतो, आणि त्या प्रवाहातही लिथियमचा वाटा ०.३ ते ०.४ एवढाच, बाकीचा भार आकाराने मोठा पण एकटा फिरणारा ऋण आयन वाहतो. बॅटरीला हवा असतो तो लिथियमचाच प्रवाह. माझ्या मते या विषयातली खरी अडचण ही आहे, वाहकतेचा एकूण आकडा नव्हे.

मांडवीकाठ

ताळगाव पठार सर, माहिती आवडली. मी निवृत्त विद्युत अभियंता आहे. रसायनाचा संबंध महाविद्यालयानंतर सुटला. प्रश्न एवढाच की हे सगळे द्रवाचे झाले. ताईंनी विचारलेला बिनपाण्याचा, बिनद्रावकाचा घन पदार्थ कुठे आहे? आणि मेणाचे काय?

ताळगाव पठार

मेणाचे आधी संपवतो. मेण म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. त्यांच्यात आयनाला धरण्याजोगा एकही अणू नाही, परावैद्युत स्थिरांक २ च्या आसपास. त्यामुळे मीठ मेणात विरघळतच नाही, नुसते कण होऊन पडून राहते. विरघळणे नाही तर सुटे आयन नाहीत.

आता त्याच साखळीत दर दोन कार्बनांनंतर एक ऑक्सिजन बसवा. तयार होतो तो पॉलिएथिलीन ऑक्साइड. याचा परावैद्युत स्थिरांकही काही फार मोठा नाही, पण साखळीतले ऑक्सिजन आपल्या इलेक्ट्रॉन-जोड्या पुढे करून लिथियमला चारी बाजूंनी वेढतात. सर्वसाधारणपणे पाच-सहा ऑक्सिजन एका आयनाभोवती येतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अल्कली धातूंचे क्षार या पॉलिमरमध्ये विरघळतात असे दाखवले, आणि १९७८ मध्ये फ्रान्सच्या मिशेल आर्मां यांनी असा पदार्थ बॅटरीचा घन इलेक्ट्रोलाइट म्हणून वापरावा असे सुचवले. अभियांत्रिकीतली एक मोठी शाखा या सूचनेतून उभी राहिली.

पॉलिमरची साखळी हजारो घटकांची असते. ती आयनाला घेऊन अख्खी चालू लागणे शक्य नाही. मग आयन सरकतो कसा? साखळीचे छोटे छोटे तुकडे सतत वळवळत असतात. तुकडा वळला की लिथियमभोवतालच्या ऑक्सिजनांपैकी एखादा दूर जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, कधी तो शेजारच्या साखळीचा असतो. असे धरणारे हात बदलत आयन थोडा थोडा पुढे जातो. अर्थात ही वळवळ गोठली की आयनही थांबला. म्हणून या पदार्थांत काच-संक्रमण तापमानाला इतके महत्त्व आहे. त्या तापमानाखाली तुकड्यांची हालचाल गोठते, आणि त्याच्या जितके वर जावे तितकी वाहकता वाढते. पण वाहकतेचा लॉगॅरिदम आणि तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढला तर ती साध्या अऱ्हेनिअसच्या सरळ रेषेत वाढत नाही. आलेख वाकतो. काचेची श्यानता वर्णन करण्यासाठी फोगेल, फुल्चर आणि टामान यांनी १९२० च्या दशकात दिलेले समीकरण इथे जसेच्या तसे लागू पडते, आणि आयनाची चाल साखळीच्या चालीला बांधलेली आहे याचा हा मला सर्वांत पटणारा पुरावा वाटतो.

पॉलिएथिलीन ऑक्साइडचे काच-संक्रमण तापमान शून्याखाली ६० अंशांच्या आसपास आहे. ऐकायला हे फारच सोयीचे वाटते, पण अडचण वेगळीच आहे: या पॉलिमरचा मोठा भाग स्फटिक होतो आणि ते स्फटिक सुमारे ६५ अंशांना वितळतात. ग्रनोबलच्या संशोधकांनी १९८३ मध्ये केंद्रकीय चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने दाखवले की आयनांची ये-जा मुख्यतः अस्फटिकी भागातून होते. परिणामी खोलीच्या तापमानाला वाहकता ०.००१ मिलीसीमेन्स किंवा त्याहून कमी, आणि ८० अंशांना सुमारे १ मिलीसीमेन्स. मांडवीकाठ सरांसाठी अभियंत्याच्या भाषेत सांगायचे तर १ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा आणि ०.१ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा घेतला तर पहिल्या स्थितीत त्याचा रोध निदान दहा हजार ओहम, दुसऱ्या स्थितीत दहा ओहम.

पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात चाललेल्या ‘ऑटोलिब’ या भाड्याच्या मोटारींच्या सेवेत याच जातीच्या बॅटऱ्या होत्या, आणि त्या ६० ते ८० अंशांना गरम ठेवाव्या लागत. गाडी उभी असतानाही त्यासाठी वीज खर्च होई. लोक ‘घन बॅटरी अजून प्रयोगशाळेतच आहे’ असे म्हणतात तेव्हा मला या मोटारी आठवतात.

गालजीबाग

काणकोणातून शिकायला बाहेर पडलो आणि सध्या स्फटिकांवर काम करतो, म्हणून थोडा प्रतिवाद करतो. ताळगाव पठार सरांचे विवेचन वाचून असा समज होऊ शकतो की आजूबाजूचे सगळे मऊ आणि विस्कळीत असल्याशिवाय आयन सरकतच नाही. सिल्व्हर आयोडाइडचे उदाहरण घ्या. टुबांट आणि लोरेन्झ यांनी १९१४ मध्ये दाखवले की १४७ अंशांच्या वर त्याची वाहकता एकदम उसळून सेंटिमीटरला १ सीमेन्सच्या वर जाते, आणि पुढे ५५८ अंशांना तो वितळला की ती वाढत नाही, उलट किंचित घटते. तिथे आयोडाइडची चौकट जागेवर उभी असते आणि चांदीचे आयन तिच्यातल्या रिकाम्या जागांतून धावतात.

हा पदार्थ असेंद्रिय आहे, असे तुम्ही म्हणाल. मग सेंद्रिय उदाहरण: स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या पीटर ब्रूस यांच्या गटाने २००१ मध्ये पॉलिएथिलीन ऑक्साइडचे असे स्फटिकी संयुग तपासले, ज्यात दर सहा ऑक्सिजनांमागे लिथियमचा एक आयन होता. दोन साखळ्या मिळून बोगद्यासारखी पोकळी करतात, लिथियम तिच्या आत असतो आणि ऋण आयन बाहेर. त्याच प्रमाणातल्या अस्फटिकी पदार्थापेक्षा या स्फटिकाची वाहकता जास्त निघाली. आकडा व्यवहारात उपयोगी पडावा इतका मोठा नव्हता, पण साखळी न वळवळताही मार्ग असू शकतो हे सिद्ध झाले.

आणि या दोन टोकांच्या मधली एक जात तर मला सर्वांत मोहक वाटते: प्लास्टिक स्फटिक. यांत रेणूंची मध्यस्थाने स्फटिकासारखी ठरलेल्या जागी असतात, पण प्रत्येक रेणू आपल्या जागी गरगर फिरत असतो. सक्सिनोनायट्राइल हा छोटासा सेंद्रिय रेणू साधारण उणे ३५ ते अधिक ५८ अंशांपर्यंत याच अवस्थेत असतो. हाताला तो मेणासारखाच लागतो. ताईंच्या विद्यार्थिनीला हे आवडेल. त्यात लिथियमचा योग्य क्षार पाच टक्क्यांच्या आसपास मिसळला की खोलीच्या तापमानाला वाहकता १ मिलीसीमेन्सच्या वर जाते. आर्मां यांच्याच सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे प्रसिद्ध केले. त्याआधी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन आणि फोर्सिथ यांच्या गटाने सेंद्रिय क्षारांच्याच प्लास्टिक स्फटिकांत थोडा लिथियम मिसळून जलद वहन दाखवले होते. रेणूंचे फिरणे आयनाला किती मदत करते आणि स्फटिकातल्या रिकाम्या जागा किती, यावर मात्र आमच्यात आजही हमरीतुमरी होते.

ताळगाव पठार

गालजीबाग, प्रतिवाद मान्य, आणि त्याने माझेच म्हणणे पुढे नेले: विरघळवणाऱ्या पदार्थाच्या संथ चालीपासून आयनाची चाल सोडवता आली पाहिजे. पाण्यात प्रोटॉनने हे केव्हाच साधले आहे. त्याची मोलर वाहकता ३५० आहे, कारण तो स्वतः पाण्यातून लोटत जात नाही. एका रेणूवरचा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटतो, पुढच्यावर जुळतो आणि भार पुढे सरकतो. या कल्पनेचे बीज ग्रोटहुस यांनी १८०६ मध्येच मांडले होते. इंधनघटात वापरला जाणारा नाफिऑन या पॉलिमरचा पडदा याच युक्तीवर चालतो, मात्र त्याच्या वाहिन्यांत पाणी असेपर्यंतच. वाळला की वाहकता कोसळते.

आयनिक द्रवांबद्दल, म्हणजे कमी तापमानालाच द्रव असणाऱ्या क्षारांबद्दल, थोडक्यात. वाल्डेन यांनी १९१४ मध्ये एथिलअमोनियम नायट्रेट हा सुमारे १२ अंशांना वितळणारा क्षार वर्णिला. अशा द्रवांत द्रावक नसतोच, प्रत्येक कण आयन असतो. तरीही आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या इमिडॅझोलियम या सेंद्रिय धन आयनाच्या द्रवाची वाहकता १० मिलीसीमेन्सच्या आतबाहेरच राहते, कारण तो पाण्याच्या कित्येक पट दाट असतो. त्यात लिथियमचा क्षार घातला तर लिथियमभोवती ऋण आयनांचा कोंडाळा जमतो आणि प्रवाहातला त्याचा वाटा फारच थोडा उरतो. बॅटरीसाठी यांच्याविषयी जेवढा गाजावाजा झाला, तेवढे त्यांच्यात काही आहे असे मला वाटत नाही.

फोंडेकरीण

दोघांचेही आभार. आता एक व्यावहारिक विचारणा. आपल्याकडे सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालींची कमतरता नाही, आणि त्यांतल्या कायटिनपासून कायटोसॅन हा पॉलिमर मिळतो. कायटोसॅनच्या पापुद्र्यात लिथियमचा किंवा अमोनियमचा क्षार घालून घन इलेक्ट्रोलाइट करतात, असे वाचनात आले. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून हे करून घेता येईल का?

ताळगाव पठार

करता येईल, पण सालींपासून सुरुवात करू नका. कायटिनचे कायटोसॅन करायला गरम आणि तीव्र कॉस्टिक सोडा लागतो. ते काम शाळेतले नव्हे. तयार भुकटी विकत घ्यावी, एक-दोन टक्के ॲसेटिक आम्लात विरघळवावी, क्षार घालावा, सपाट बशीत ओतून वाळवावी. ग्लिसरीनचे काही थेंब घातले तर पापुद्रा लवचीक होतो आणि वाहकता वाढते. साखळ्या सुट्या झाल्यामुळे असे होते, हे वरच्या चर्चेशी जोडता येईल.

खरी अडचण आपल्या हवेची आहे. पावसाळ्यात गोव्यातली सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, कायटोसॅन पाणी शोषते, आणि लिथियमचे बहुतेक क्षार तर हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होतात. जुलैत मोजलेली वाहकता उत्तम दिसेल, पण ती पाण्याची असेल, शिवाय उरलेल्या ॲसेटिक आम्लामुळे आलेल्या प्रोटॉनांची. प्रसिद्ध झालेल्या निबंधांतही जैविक पॉलिमरांचे फुगलेले आकडे दिसतात तेव्हा मी आधी पापुद्रा कसा वाळवला आणि कुठे मोजला तेच वाचतो. वर सांगितलेल्या लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट या बॅटरीच्या क्षारात तर पाणी शिरले की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. म्हणून तो शाळेत आणूच नये. अमोनियम किंवा पोटॅशियमचा साधा क्षार पुरे.

मांडवीकाठ

एक शेवटचा प्रश्न. घन इलेक्ट्रोलाइट म्हणजे आगीचा धोका नाही, असे जाहिरातींतून ठसवले जाते. ते कितपत खरे?

ताळगाव पठार

ज्वालाग्राही द्रावक नसल्यामुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. अशा पॉलिमर बॅटरीत लिथियम धातू असतो आणि पॉलिमरही जळतो. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये लिथियम धातू आणि पॉलिमरच्याच बॅटऱ्या असलेल्या दोन बसगाड्या पेटल्या आणि तिथल्या वाहतूक संस्थेने त्या मालिकेतल्या १४९ गाड्या मार्गावरून काढल्या. शिवाय ऋण आयन इकडून तिकडे फिरतच असल्यामुळे मोठ्या प्रवाहाला एका इलेक्ट्रोडजवळ क्षार संपतो, आणि तिथे लिथियमच्या काटेरी फांद्या वाढू लागतात. ऋण आयन साखळीलाच बांधून टाकला तर प्रवाहातला लिथियमचा वाटा १ च्या जवळ जातो, पण एकूण वाहकता सहसा इतकी घसरते की मिळालेला फायदा हातचा जातो.

गालजीबाग

ताई, मोजमापाबद्दल एक सूचना. साध्या मल्टिमीटरच्या एकदिश प्रवाहाने रोध मोजू नका. आयन इलेक्ट्रोडांशी साचतात आणि आकडा क्षणाक्षणाला बदलत राहतो. एलसीआर मीटर (प्रत्यावर्ती प्रवाहाने रोध मोजणारे उपकरण) मिळाला तर १ किलोहर्ट्झच्या आसपास प्रत्यावर्ती विभवांतर लावून मोजा, आणि पापुद्र्याची जाडी भागिले रोध व क्षेत्रफळाचा गुणाकार असे केले की वाहकता मिळेल. एकाच पापुद्र्याचे दोन तुकडे करा. एक सिलिका जेलच्या डब्यात दोन दिवस ठेवा, दुसरा उघड्यावर. दोन्ही तुकडे वजन करून लगेच मोजा आणि दोन्ही आकडे वजनासह इथे लिहा.

फोंडेकरीण

एलसीआर मीटर आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. नवरात्राच्या सुट्टीनंतर करून घेते आणि आकडे याच धाग्यावर टाकते.